दवबिंदूला माशाचं पाणी

आमच्या घरात माशाचं पाणी कधी मोरीत गेलं नाही. बांगडे असोत, मांदेली असो, आई मासे धुतलेलं पाणी एका चेपलेल्या टोपात धरून ठेवायची आणि गॅलरीत नेऊन कुंड्यांना घालायची. कुंड्या म्हणजे तेलाचे पत्र्याचे डबे, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेले. त्यात एक गावठी गुलाब होता, मिरची होती, ओवा होता आणि कढीपत्त्याचं माणसाच्या खांद्याएवढं झाड होतं. घाटकोपरला डोंगराच्या अंगाला आमची चाळ, तिथे सगळ्या मजल्यावर एवढी हिरवळ दुसऱ्या कोणाच्या दारात नव्हती. शेजारच्या जयाबेन नाकाला पदर लावून म्हणायच्या, "कुंदाची मम्मी, केवढा वास!" पण कढीला फोडणी द्यायची वेळ आली की वाटी घेऊन आमच्याच दारात. आई पानं तीनतीनदा धुवून त्यांच्या हातात ठेवायची आणि त्या गेल्यावर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की माझी मास्तरकी ह्याच पाण्यात बुडता बुडता राहिली. बी.एस्सी. आणि बी.एड. उरकून मी जवळच्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. तेही रजेच्या जागेवर. मूळच्या बाई बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि आता त्या परत यायच्या नाहीत अशी बातमी होती. म्हणजे जागा रिकामी. पण ती मला मिळेलच असं नव्हतं, कारण संस्थेच्या चिटणीसांच्या डोक्यात त्यांच्या ओळखीतला कोणीतरी होता. आमचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, स्वभावाने भले, पण भिडस्त. ते म्हणाले, "परबबाई, तपासनीस साहेब येणार आहेत. ते तुमचा एक पाठ बघतील. त्यांनी चांगला शेरा दिला की चिटणीसांनाही काही बोलता येणार नाही. बाकी माझ्या हातात काही नाही हो."

घरी त्या शेऱ्याकडे माझ्याहून जास्त डोळे लागले होते. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. आता ते साकीनाक्याला एका गाळ्यात खोकी बांधायच्या कामाला जात. मागावर उभं राहिलेल्या माणसाला खोक्यांना पट्ट्या मारताना काय वाटत असेल ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त जेवताना म्हणायचे, "कुंदाची नोकरी पक्की झाली तर खोली ठेवूया. नाय झाली तर विकून गावाक जावया. हय ऱ्हवान काय करूचां?" गाव मला आवडायचं, पण आठ दिवस. मी घाटकोपरात वाढलेली. डोक्यावरून विमान घरघरत खाली उतरायला लागलं की वाक्य अर्धं सोडून थांबायचं आणि ते गेल्यावर तिथूनच पुढे बोलायचं, ही आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही असलेली सवय माझ्या हाडात होती. गावच्या शांततेत मला झोप यायची नाही. आणि गावी जाऊन मी करणार काय होते? लग्न! दुसरं काय.

त्या वर्षी गणपतीला आम्ही गावी गेलो. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायला रानफळं आणायची म्हणून मी आणि आई सड्यावर गेलो. सडा म्हणजे आमच्याकडे गावाच्या वरचं जांभ्या दगडाचं उघडं माळरान. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही आणि भाद्रपदात पाय ठेवायला जागा नसते, इतकी फुलं. निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचा तर गालिचा. आई त्यांना सीतेची आसवं म्हणायची, अजूनही सगळे तेच म्हणतात. मी नुकती वनस्पतिशास्त्र शिकलेली, गप्प कुठली बसतेय! म्हटलं, "आये, ह्या झाडाच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात. पाण्यातले किडे त्यात ओढून खातं ते." आई जागच्या जागी थांबली. "सीतेच्या डोळ्यांतलां पाणी तां! तां किडे खाता? जीभ झडात तुझी!" आणि तिने दोन्ही हातांनी माझ्या वतीने त्या फुलांना नमस्कार केला.

तिथेच, दगडाच्या खोलगट भागात साचलेल्या ओलीत, मला दवबिंदू दिसला. कीटक खाणारंच, पण हे झाड सीतामाईशी नातं सांगत नाही, त्यामुळे आईची हरकत नव्हती. वीतभर उंचीचं, तांबूस, दोऱ्यासारख्या पानांचं. पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट पाण्याचा थेंब. उन्हात ते असं काही चमकत होतं की बाकीचा गालिचा मी विसरूनच गेले. आमच्या पाठ्यपुस्तकात कीटकभक्षी वनस्पतींचा एक धडा होता. त्यात घटपर्णीचं एक चित्र, तेही असं छापलेलं की मुलांना तो पाण्याचा तांब्या वाटायचा. मुलं ते तीन मुद्द्यांत पाठ करायची आणि विसरायची. माझ्या मनात आलं, हेच न्यावं. मातीच्या ढेकळासकट मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं आणि एस.टी.त रात्रभर मांडीवर घेऊन बसले. बाबा म्हणाले, "लोक गावसून नारळ आणतत. आमचां चेडू चिखल आणता."

आठवी ब हा आमच्या शाळेतला नामांकित वर्ग होता. नामांकित म्हणजे शिक्षक वर्गात जाताना एकमेकांकडे सहानुभूतीने बघायचे असा. मी डबा खिडकीत ठेवला आणि सांगितलं, हे झाड मच्छर खातं. वर्गात एकच गिल्ला झाला. मंगेश म्हणून एक बडबड्या पोरगा होता. तो म्हणाला, "बाई, आमच्या चाळीत पन्नास लावा ना! रात्री झोप तरी येईल." कोणीतरी माणूस खाणाऱ्या झाडाची गोष्ट वाचली होती, तो बाक सोडून मागे जाऊन बसला. मंगेशने टाळी मारून एक डास पकडला, अर्धमेला, आणि मी तो चिमट्याने पानावर ठेवला. सगळे डोळे फाडून बसले. झालं काहीच नाही. डास चिकटला, थोडा फडफडला, संपलं. "बाई, हे झोपलंय," संगीता म्हणाली. ती पहिल्या बाकावरची, हिशेबाला पक्की मुलगी. मी म्हटलं, "थांबा जरा. हे काय वडापाव खायला बसलंय? त्याचं जेवण सावकाश असतं." दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी अर्धा वर्ग खिडकीशी लोंबत होता. पान डासाभोवती वळलं होतं, मुठीसारखं. "वाट लागली त्याची!" मंगेश ओरडला, आणि त्या दिवसापासून आठवी ब माझी झाली. मधल्या सुट्टीत पोरं चिलटं पकडायची. पावसाचं पाणी कोणी बाटलीत भरून आणायचं. मी दम दिला होता, की ह्याला फक्त पावसाचं पाणी, बाकी काहीही घालाल तर याद राखा.

आता हल्ली माझा नातू मोबाईलवर मला दाखवतो, दुसऱ्याच एका झाडाचं पान फटकन मिटतं आणि माशी गडप. ऑनलाइन मागवता पण येतं म्हणे ते झाड, खोक्यातून घरपोच. छान आहे. पण मला विचाराल तर ते पान एका रात्रीत कसं वळतं याची वाट बघण्यात जी मजा होती ती ह्या फटकन मिटण्यात नाही. वाट बघायला लावल्याशिवाय पोरं काही शिकत नाहीत, हे माझं जुनं मत आहे आणि ते कोणी बदलायच्या भानगडीत पडू नये.

तर पाठ जवळ आला आणि मी तापाने आडवी झाले. घाटकोपरात त्या दिवसांत ताप घरोघर असायचा. झाडाकडे शाळेत कोण बघणार म्हणून अंगात कणकण आली तेव्हाच मी डबा घरी आणून ठेवला होता. ग्लानीत मी आईला म्हटलेलं आठवतंय, "झाडाकडे बघ गं." ती म्हणाली, "तू पडान ऱ्हव. झाडाचां मी बघतंय." आणि तिने बघितलं. मला पेज, झाडाला तिच्या परीने पक्वान्न. गणपती संपले होते. श्रावणापासून उपाशी असलेलं आमचं घर माशांवर तुटून पडलं होतं. रोज बांगडे, रोज टोपात पाणी. आणि घरात एक असं झाड आलेलं, जे खुद्द माझ्या तोंडून मांसाहारी ठरलेलं!

मी उठले ती पाठाच्या दिवशी सकाळी. गॅलरीत गेले आणि डब्यात बघितलं. थेंब एकही नव्हता. पानं काळी पडून मातीला चिकटली होती आणि त्यावर पांढरी बुरशी आली होती. वास तर काय विचारता! मी अशी किंचाळले की जयाबेन हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"काय घातलंस ह्याला?"

आई पदराला हात पुसत आली. "माशाचां पाणी. रोज थोडां थोडां घातलंय. मांस खाणारां झाड तां, ह्येका साध्या पाण्यान काय होताला?" डब्यात तिने त्या क्षणी पहिल्यांदा नीट पाहिलं. "काल जरा मलूल दिसलां, म्हणान जास्त घातलंय गो."

मला प्रचंड राग आला होता. पण बोलणार काय? त्या बाईने आयुष्यभर जे जे घरात आलं त्याला पोटभर खायला घातलं होतं, माणूस असो की मांजर की मिरचीचं रोप. मी डबा उचलला, एका पिशवीत घातला आणि जाताना एवढंच म्हटलं, "आता गावाला जायची तयारी करा." ते वाक्य जिव्हारी लागणार हे मला कळत होतं, आणि लागलंही. आई दारात तशीच उभी राहिली.

मोठ्या सरांनी डबा बघितला आणि नाकाला रुमाल लावला. "बाई, हे वर्गात नेऊ नका. तक्ता लावा, तीन मुद्दे सांगा आणि मोकळ्या व्हा." मीही तेच ठरवलं होतं. तपासनीस साहेब येऊन शेवटच्या बाकावर बसले. उंच गृहस्थ, देशावरचे, चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही. मी घटपर्णीचा तक्ता लावला, छडी हातात घेतली आणि बोलायला तोंड उघडलं, तोच संगीताने हात वर केला. "बाई, आपलं झाड कुठंय?"

आपलं, म्हणाली ती. आता खोटं कसं बोलू? मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. पहिल्या दोन बाकांनी नाकं दाबली. मंगेश उठून पुढे आला, वाकला, आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, मेलं?"

"मेलं."

"कोणी मारलं?"

मी काही बोलायच्या आत दाराशी गडबड झाली. शिपाई कोणालातरी "अहो बाई, अहो बाई" करत अडवत होता, आणि त्याच्या हाताखालून वाकून माझी आई वर्गात आली. चालत आली होती, चढावाने, धापा टाकत, गौरीला नेसली होती तेच लुगडं नेसून. मला वाटलं, जमीन फाटावी. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि साहेबांना हात जोडले.

"सायबानू, माझ्या चेडवाक बोलू नकात. तिनां झाड मारूक नाय. मी मारलंय. माशाचां पाणी घालून मारलंय. तिची नोकरी घेव नकात."

साहेब गोंधळले. "काय म्हणताहेत या?"

आमचा अर्धा वर्ग कोकणातला. चाळीस तोंडांनी एकदम भाषांतर केलं: "साहेब, त्या म्हणतात झाड त्यांनी मारलं! माशाचं पाणी घालून! बाईंची नोकरी घेऊ नका म्हणतात!" एवढ्यात डोक्यावरून विमान आलं आणि सगळा वर्ग, आई, साहेब, मी, जिथल्या तिथे थांबलो. त्या घरघरीत मला विचार करायला वेळ मिळाला. नोकरी तर आता गेलीच, मला वाटलं. मग निदान शिकवून तरी घ्यावं. विमान गेलं.

"आये, बस," मी म्हटलं. आई साहेबांच्याच बाकावर, कडेला, अंग चोरून बसली. मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि वर्गाला विचारलं, "कोणाकोणाच्या घरी माशाचं पाणी झाडाला घालतात?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. "मग ती झाडं मरतात?" नाही, मस्त वाढतात, बाई! "मग हे का मेलं?"

वर्ग विचारात पडला. कोणी म्हणालं, पाणी खारट असेल. कोणी म्हणालं, वास सहन झाला नसेल. शेवटी संगीता अडखळत म्हणाली, "बाई, गुलाब मुळाने खातो. हे पानाने खातं. आपण त्याच्या... त्याच्या तोंडात नाहीच घातलं." मी तिला वर्गासमोर शाबासकी दिली. मग सड्याबद्दल सांगितलं. दगडावर बोटभर माती, तिच्यातलं सगळं सत्त्व पाऊस धुवून नेतो, खाली मुळाला मिळण्यासारखं काही नाही. म्हणून हे झाड वरचं चिलट धरतं. तेही पोट भरायला नव्हे. अन्न ते इतर झाडांसारखं उन्हातच तयार करतं, पानात. किड्यातून घेतं ते नत्र. म्हणजे भात घरचा, मीठ तेवढं बाहेरचं. आणि ज्याच्या मुळाला जन्मात मीठ माहीत नाही, त्याच्यावर आपण बरणी उपडी केली तर काय होणार?

"मगे मुळां कित्याक असत?"

प्रश्न शेवटच्या बाकावरून आला होता. आईने हात वर केला नव्हता, कारण हात वर करायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. ती कधी शाळेत गेलीच नाही. तिला अंगठ्याशिवाय दुसरी सही नव्हती. मघाची धास्ती तिच्या चेहऱ्यावरून पार गेली होती. ती पुढे झुकली होती, भुवया आकसून, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पानाने खातं तर मुळं कशाला? मला एकदम भरून आलं. बावीस वर्षं ती मला खाऊ घालत होती, आणि माझ्याकडून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी तिला तिच्याच बोलीत सांगितलं, "धरून ऱ्हवाक, आये. आणि पाणी पिवाक. दगडार उभ्या ऱ्हवचां तर धरूक नको?"

"धरूक व्हयांच," आई म्हणाली आणि समाधानाने मागे टेकली.

घंटा झाली तरी पोरं उठेनात. झाडं रात्री खातात का, किडा दुखून ओरडतो का, बी कधी धरतं, प्रश्नांवर प्रश्न. शेवटी साहेबच उठले. दारातून जाताना ते मोठ्या सरांना म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बाईंना सोडू नका हो. इतक्या शाळा फिरलो, पण पालकाने शंका विचारलेली आजच बघितली." चिटणीसांच्या ओळखीतल्या माणसाचं पुढे काय झालं कोणास ठाऊक. मी त्या शाळेतून निवृत्त झाले.

संध्याकाळी आम्ही दोघी घरी बसलो होतो. सकाळच्या बोलण्याबद्दल मी काही म्हणणार तोच तिने माझ्यापुढे चहा आणि खोबऱ्याची वडी सरकवली आणि विषय संपला. बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटला होता. बाबा साकीनाक्याहून आले, चपला काढतानाच त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "काय झालां गो? नोकरीचां काय झालां?"

मी बोलणार, तेवढ्यात आईने मला हाताने गप्प केलं. स्टोव्ह बारीक केला, पदर खोचला आणि बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"गावली ती नोकरी. तुमी आधी हय बसा. त्या झाडाक मुळां कित्याक असत, सांगा बघया?"